विवाहाचा करार आणि विश्वासभंग



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय सहसा व्यासपीठावरून बोलला जात नाही. तो माजघरात, दबलेल्या आवाजात बोलला जातो. आणि पुष्कळदा वेळ निघून गेल्यावर वकिलाच्या कचेरीत बोलला जातो. मुसलमान दांपत्याच्या जीवनात एकाने दुसऱ्याशी अप्रामाणिकपणा केला, दिलेला शब्द मोडला, काही दडवून ठेवले, तर पुढे काय करावे, हा तो विषय होय. "क्षमा करा" किंवा "न्यायालयात जा" एवढ्या उत्तराने हा प्रश्न सुटत नाही. शरियतीच्या परंपरेत, आपल्या न्यायालयांच्या निकालांत आणि अनेक स्त्रियांच्या आयुष्यांत याविषयीचा मोठा अनुभव साठलेला आहे. त्याचे सार आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

ज्या वस्तीत आपण आज जमलो आहोत, तिचा या विषयाशी जुना संबंध आहे. करोल बाग म्हटले की आज डोळ्यांपुढे बाजार येतो. कापडाची दुकाने, दागिन्यांच्या पेढ्या आणि लग्नसराईची खरेदी. परंतु १९४७ पूर्वी येथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी तिला आजचे रूप दिले. येथील मुख्य रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते येथेच झाले. १९२५ साली जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था अलीगढहून करोल बागेत आली आणि ओखल्याला स्थलांतर होईपर्यंत येथेच नांदली. जामिया येथे असतानाच, १९३५ च्या आरंभी, हालिदे एदिब या तुर्की लेखिका तिच्या निमंत्रणावरून दिल्लीत आल्या आणि तुर्कस्तानातील पूर्व-पश्चिम संघर्षावर त्यांनी व्याख्याने दिली.

या विदुषीच्या आयुष्यातील एक घटना आपल्या विषयाला धरून आहे. १९०१ साली त्यांचा विवाह सालिह झेकी या प्रसिद्ध गणितज्ञाशी झाला. ते त्यांचे शिक्षक होते. दोन मुलगे झाले. पुढे पतीने दुसरी पत्नी करण्याचे ठरविले, तेव्हा हालिदे यांनी सवतीसह संसार करण्यास नकार दिला आणि १९१० साली त्या विभक्त झाल्या. तत्कालीन उस्मानी कायद्याप्रमाणे पतीची ही कृती गैर नव्हती. कोणत्याही काझीने त्याला दोषी ठरविले नसते. तरीही त्या पत्नीच्या लेखी नऊ वर्षांच्या संसाराचा पायाच ढासळला होता. कायद्याने अनुज्ञेय असलेली कृती विश्वासघात ठरू शकते काय? ठरत असल्यास त्यावर उपाय काय? १९१७ साली उस्मानी राज्याने जो नवा कुटुंबविषयक कायदा केला, त्यात या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. पती दुसरा विवाह करणार नाही, केल्यास विवाहबंध सुटेल, अशी अट पत्नीला विवाहाच्या वेळीच करारात घालता येईल, असे त्या कायद्याने मान्य केले. मनातली अपेक्षा कागदावर उतरली की तिचा भंग सिद्ध करता येतो आणि त्याची भरपाई मागता येते. आज मला जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज या तरतुदीत आहे.

इस्लामी विधिशास्त्रानुसार निकाह हा करार आहे. १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी 'अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा' या खटल्यात या मताची जी मांडणी केली, ती आजही आधारभूत मानली जाते. करार म्हटले की काहींना कोरडा व्यवहार वाटतो. परंतु कुराणात विवाहाला दृढ प्रतिज्ञेची उपमा दिलेली आहे आणि पतिपत्नींना परस्परांचे वस्त्र म्हटले आहे. वचने पाळावयाची झाली तर विवाहाच्या वेळी मान्य केलेल्या अटींना अग्रक्रम द्यावा, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन हदीस-संग्रहांत आहे. म्हणजे प्रेम आणि करार यांत विरोध कल्पिलेला नाही. प्रेम आहे म्हणून हिशेब नको, साक्षीदार नकोत, लेखी काही नको, ही समजूत आपण मागाहून रूढ केली. फसवणुकीला सर्वांत मोठा आधार मिळतो तो या समजुतीचा.

अप्रामाणिकपणाचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील चार प्रमुख प्रकारांचा विचार करू.

पहिला प्रकार पैशाचा. १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढलेला 'मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम' हा बंगालमधील खटला पाहा. शम्सुन्निसा ही सधन विधवा. तिने पुनर्विवाह केला. तिच्याजवळ सरकारी कर्जरोखे होते. व्याज वसूल करण्याच्या सोयीसाठी तिने ते सह्या करून पतीच्या हवाली केले. पुढे बेबनाव झाला, तेव्हा हे रोखे आपण मोल देऊन विकत घेतले आहेत, असे पतीने सांगितले. न्यायासनाने असे ठरविले की, परद्यात राहणाऱ्या आणि पतीवर विसंबून असलेल्या पत्नीकडून असा व्यवहार झाल्याचे जो सांगतो, त्यानेच तो खरा व सचोटीचा असल्याचे सिद्ध केले पाहिजे. त्याला ते सिद्ध करता आले नाही. हे तत्त्व सोन्याच्या बांगड्यांना, बँकेतील ठेवीला आणि घराच्या खरेदीखतालाही लागू पडते. इस्लामी विधीप्रमाणे पत्नीची मालमत्ता तिचीच असते. विवाहाने ती पतीची होत नाही. मेहेरही तिचाच. लग्नात मिरवण्यासाठी निकाहनाम्यावर मोठी रक्कम लिहावयाची आणि ती कधीच द्यावयाची नाही असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मनोमन ठरवावयाचे, ही रीत आपल्याकडे सर्रास आढळते. संसाराच्या पहिल्याच कागदावर असत्य लिहून आरंभ करावयाचा आणि पुढे सत्याची अपेक्षा धरावयाची, हे सुसंगत नाही.

दुसरा प्रकार दुसऱ्या विवाहाचा, विशेषतः दडवून केलेल्या विवाहाचा. गोवा आणि उत्तराखंड यांसारखे अपवाद सोडले तर भारतात मुसलमान पुरुषाचा दुसरा विवाह व्यक्तिगत कायद्याने वैध ठरतो. पण वैधतेने प्रश्न मिटत नाही. १९६० साली 'इतवारी विरुद्ध असगरी' या खटल्यात, दुसरी पत्नी केलेल्या पतीने पहिल्या पत्नीस नांदावयास येण्याचा हुकूम व्हावा म्हणून दावा केला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती धवन यांनी तो मान्य केला नाही. बदललेल्या सामाजिक परिस्थितीत पहिल्या पत्नीला दुसरा विवाह हा अपमान आणि क्रौर्य वाटणे स्वाभाविक आहे, आणि तसे नाही हे दाखविण्याचा भार पतीवर आहे, असे त्यांनी ठरविले. कुराणानेही अनेक पत्नींची मुभा न्यायाच्या अटीवरच दिली आहे. ज्या पुरुषाला दुसरे घर लपवावे लागते, त्याने न्यायाची अट पहिल्याच दिवशी मोडलेली असते. कारण पहिल्या पत्नीला जे ठाऊकच नाही, त्यात तिला समान वाटा कसा मिळणार?

तिसरा प्रकार संशयाचा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अप्रामाणिकपणा पुरुषच करतात असे नाही, आणि बायकांवर खोटा आळ येतो तोही काही थोडा नाही. स्त्रीच्या शीलावर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्यास कुराणाने कठोर शिक्षा सांगितली आहे. पतीपाशी साक्षीदार नसतील, तर उभयतांनी शपथा घेऊन विभक्त होण्याची 'लिआन' नावाची स्वतंत्र पद्धत आहे. पतीने खोटा व्यभिचाराचा आरोप केला तर त्या कारणासाठी पत्नीला विवाहविच्छेद मागता येतो, हे भारतीय न्यायालयांनीही मान्य केले आहे. या नियमांचा रोख ध्यानात घ्यावा. जे सिद्ध करता येत नाही, ते चारचौघांत बोलून दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त करण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुखावलेल्या माणसालाही नाही.

चौथा प्रकार सर्वांत क्रूर. विवाह मोडल्याचे पत्नीला न सांगताच तो मोडल्याचा दावा करणे. 'शमीम आरा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' या खटल्याची हकीकत पाहा. १९६८ साली विवाह झालेल्या या स्त्रीने १९७९ साली अलाहाबादेत आपल्यासाठी व दोन अज्ञान मुलांसाठी पोटगीचा अर्ज केला. वर्षे लोटली. ५ डिसेंबर १९९० रोजी पतीने आपली लेखी कैफियत दाखल केली आणि तीत म्हटले की, ११ जुलै १९८७ रोजीच मी हिला तलाक दिलेला आहे. अर्ज केल्यानंतर अकरा वर्षांनी या स्त्रीला कागदावरून सांगण्यात येत होते की, गेली तीन वर्षे ती कोणाची पत्नीच नव्हती. तलाक कोणापुढे उच्चारला, कोणत्या कारणासाठी उच्चारला, समेटाचा प्रयत्न कोणी केला, यांपैकी काहीही त्या कैफियतीत नव्हते. उच्च न्यायालयाने त्या तारखेच्या तलाकावर विश्वास ठेवला नाही, पण कैफियत दाखल झाली त्या दिवशी तरी तलाक झाला असे मानले. त्या काळी अनेक न्यायालयांची हीच धारणा होती. मुंबई उच्च न्यायालयाचाही जुना निकाल तसाच होता. म्हणजे न्यायालयात केलेले असत्य विधान उघडकीस आले तरी त्याच विधानाने पतीचा हेतू साध्य होत असे.

महाराष्ट्रातील एका खटल्याने ही कोंडी प्रथम फोडली, आणि मराठी वाचकांना त्याचा अभिमान वाटावा असे मला वाटते. 'दगडू पठाण विरुद्ध रहिमबी' या लातूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २ मे २००२ रोजी निकाल दिला. तलाक दिला होता असे कैफियतीत नुसते लिहून भागणार नाही. सबळ कारण होते, ते पत्नीला कळविले होते, दोन्ही बाजूंचे पंच नेमले होते, त्यांनी समेटाचा प्रयत्न केला आणि तो निष्फळ ठरला, ही प्रत्येक पायरी पतीने पुराव्यानिशी सिद्ध केली पाहिजे, असे पूर्णपीठाने सांगितले. पाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर २००२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा यांच्या खटल्यात याच दिशेचा निकाल दिला आणि कैफियतीतला तलाक निकालात निघाला. या विचाराची वाट गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांनी आधीच घालून दिली होती. कुराणाच्या चौथ्या अध्यायातील दोन पंचांची आज्ञा हा त्यांच्या निर्णयाचा कणा होता.

या निकालांमागे न्यायाधीशांइतकेच सामान्य स्त्रियांचेही श्रम आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, तेव्हा लोकांना त्या संख्येचे हसू आले असेल. पण ज्या गोष्टी तोवर घरात सोसल्या जात होत्या, त्या सात जणींनी भर रस्त्यावर उच्चारल्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. दलवाईंचे १९७७ साली अकाली निधन झाले, तरी मंडळाचे काम थांबले नाही. १९८५ साली मंडळाने तलाकमुक्ती मोर्चा काढून महाराष्ट्राच्या गावोगावी हा प्रश्न नेला. दलवाईंची सर्व मते आपणांस पटतील असे नाही. परंतु तलाक हा शब्द पुरुषाच्या खिशात लपवून ठेवण्याची वस्तू नाही, हा त्यांचा आग्रह पुढे देशाच्या कायद्यात उतरला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा अपराध झाला.

आता एका आक्षेपाचा विचार करू. पतिपत्नींच्या बोलण्यात असत्याला काहीशी सूट आहे, असे सांगणारी एक हदीस आहे, आणि तिचा आधार घेऊन कित्येक पुरुष आपली लपवाछपवी धर्मसंमत ठरवितात. तेराव्या शतकातील थोर भाष्यकार इमाम नववी यांनी या समजाला उत्तर देऊन ठेवले आहे. ही सूट प्रेम वाढविण्यापुरती आहे. जोडीदाराचे देणे बुडविण्यासाठी किंवा आपला नसलेला हक्क घेण्यासाठी केलेली फसवणूक सर्व विद्वानांच्या मते निषिद्ध आहे, असे ते सांगतात. स्वयंपाक बिघडला असता तो गोड मानून घेणे वेगळे आणि पगार दडविणे वेगळे. पहिल्याने कोणाचा हक्क जात नाही. हीच कसोटी आपण सर्वत्र लावावी. जे असत्य सांगितले वा जे सत्य लपविले, त्याने जोडीदाराचा एखादा हक्क, एखादा निर्णय हिरावला गेला काय? उत्तर होय असेल, तर तो विश्वासभंग आहे, मग लपविणाऱ्याचा हेतू त्याच्या मते कितीही चांगला असो.

श्रोतेहो, निदान झाल्यावर उपचाराकडे वळले पाहिजे. विश्वास मोडल्याची शंका आली, तर काय करावे?

प्रथम, जे ठाऊक आहे आणि जे केवळ वाटते आहे, त्यांची फारकत करावी. कुराणाने संशयाची अतिरेकी सवय आणि हेरगिरी दोन्हींची मनाई केली आहे. आज हेरगिरीचे साधन प्रत्येकाच्या हातात आहे. जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून स्वीकारता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरविले आहे. न्यायालयाची गरज वेगळी आणि घराची गरज वेगळी. ज्या घरात दोघेही एकमेकांचे दूरध्वनी चोरून तपासतात, तेथे पुरावा जमेल, पण संसार जमणार नाही. ज्या गोष्टी विचारण्याचा हक्कच आहे, त्या सरळ विचाराव्यात: उत्पन्न किती, कर्ज किती, मेहेराचे काय झाले, दुसरा विवाह झाला आहे काय. असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. कराराच्या दुसऱ्या पक्षाचा तो अधिकार आहे.

दुसरी पायरी कबुलीची. चूक करणाऱ्याने ती मान्य केली, तर क्षमेचे दार उघडे ठेवणे ही इस्लामी नीतीतील मोठी गोष्ट आहे. पण पश्चात्ताप म्हणजे नुसते अश्रू नव्हेत. माणसाच्या हक्काबाबत पश्चात्ताप तेव्हाच पुरा होतो, जेव्हा घेतलेले परत केले जाते, हे विधिशास्त्रज्ञांचे सर्वमान्य मत आहे. दागिने विकले असतील तर ते किंवा त्यांचे मोल परत द्यावे. खोटे सांगितले असेल तर ज्यांना सांगितले त्यांच्यापुढेच खरे सांगावे. लपविलेला व्यवहार बंद करून त्याचा हिशेब द्यावा. क्षमा करणाऱ्यानेही घाई करू नये. "झाले गेले विसरून जा" असे सांगणारे नातेवाईक बहुधा स्वतःची सुटका करून घेत असतात.

तिसरी पायरी पंचांची. एक पतीच्या बाजूचा, एक पत्नीच्या बाजूचा. ही आज्ञा सर्वांना पाठ आहे, पण तिचे पालन क्वचितच यथार्थ होते. पंच म्हणून पतीचा थोरला भाऊ, मामा आणि मशिदीचे विश्वस्त बसतात, आणि पत्नीच्या बाजूने तिचा वृद्ध बाप हात जोडून उभा असतो. याला पंचायत म्हणता येणार नाही. पत्नीचा पंच तिने स्वतः निवडावा. ती व्यक्ती शिकलेली बहीण किंवा मावशीही असू शकेल. जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. ठरावाची मुदत असावी, आणि मुदतीनंतर पंचांनी पुन्हा बसून पाहावे. काझीचा किंवा दारुल-कझाचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु ७ जुलै २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार त्यांचे निवाडे कोणावर बंधनकारक नाहीत, हेही लक्षात ठेवावे. आणि जेथे मारहाण आहे, तेथे पंचांची वाट पाहू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. पैसे रोखून धरणे, स्त्रीधन बळकावणे यांचाही त्यात समावेश आहे. स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य विधिसाहाय्य मागता येते.

समेट झालाच नाही, तर विभक्त होणे हाही मार्ग आहे, आणि तोही प्रामाणिकपणे आक्रमावयाचा मार्ग आहे. सन्मानाने ठेवावे अथवा भलेपणाने सोडावे, असे कुराण सांगते. पतीला तलाक द्यावयाचाच असेल तर त्याने समेटाचा प्रयत्न पुरा करावा, एकदाच उच्चार करावा, इद्दतीचा काळ जाऊ द्यावा, मेहेर व खर्च चुकता करावा. पत्नीला खुला मागता येतो. दोघांच्या संमतीने मुबारात होऊ शकतो. पती अडवून बसला तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. हनफी पंथाच्या तत्कालीन व्यवहारात परागंदा किंवा निष्ठुर पतीच्या पत्नीला सुटकेचा मार्ग जवळजवळ नव्हता. तेव्हा काही स्त्रिया केवळ विवाहातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ साली एक ग्रंथ सिद्ध करून मालिकी पंथाच्या सौम्य नियमांचा आधार घ्यावा, असे सुचविले. काझी मुहंमद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती विधानसभेत विधेयक आणले, आणि येथून काही मैलांवर, याच दिल्लीत, १९३९ च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. पतीने दोन वर्षे पोषण न करणे, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये न पाळणे, पत्नीची मालमत्ता विकून टाकणे, बदफैली जीवन जगणे, अनेक पत्नी असता समान न वागविणे, ही कारणे त्यात आहेत. विश्वासभंगाच्या बहुतेक सगळ्या प्रकारांची ती यादीच म्हणावी लागेल. तिच्या मुळाशी परक्यांचा दबाव नव्हता. आपल्याच एका परंपरानिष्ठ विद्वानाची अस्वस्थता होती.

पोटगीचा प्रश्नही आता पुष्कळ अंशी सुटला आहे. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर १९८६ साली वेगळा कायदा झाला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद असा लावला. आणि १० जुलै २०२४ रोजी, सर्व स्त्रियांना असलेला पोटगीचा सामान्य हक्क मुसलमान घटस्फोटितेलाही आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा उपासमारीच्या भीतीने असत्य सोसत राहण्याचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही. हे कायदे ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांच्यापर्यंत ते पोचविणे हे काम मात्र उरले आहे.

शेवटी, ज्या तरतुदीपासून आपण आरंभ केला, तिच्याविषयी दोन शब्द. निकाहनाम्यात अटी घालण्याची मुभा तुर्कस्तानातून आयात केलेली नाही. हंबली पंथाने दुसरा विवाह न करण्याची अट पूर्वापार मान्य केली आहे. हनफी पंथातही, ठराविक गोष्ट घडल्यास तलाकचा अधिकार पत्नीला राहील, अशी तफवीझची तरतूद करता येते. बंगालमध्ये काबिननाम्यांतून ती पिढ्यान् पिढ्या लिहिली गेली, आणि थानवींनीही आपल्या ग्रंथात तिची शिफारस केली. आपल्याकडचे निकाहनामे मात्र बहुधा अर्धे कोरे असतात. छापील कागदावर नावे आणि मेहेराची रक्कम भरली की काम संपते. वधूचे वडील म्हणतात, "अटी घातल्या तर वरपक्षाला काय वाटेल?" मी त्यांना नम्रपणे सांगेन की, जो वर प्रामाणिक राहणार आहे, त्याला अटीचा काहीच भार नाही, आणि ज्याला भार वाटतो, त्याच्याविषयी लग्नाआधीच कळलेले बरे.

म्हणून आपणांपैकी ज्यांच्या घरी यंदा निकाह आहे, त्यांना माझी एकच विनंती आहे. लग्नाच्या दागिन्यांची यादी ज्या काळजीने करता, त्या काळजीने निकाहनामा लिहा. मेहेर झेपेल तेवढाच ठरवा आणि शक्य तर त्याच बैठकीत द्या. आधीचा विवाह, कर्ज, मोठा आजार, उत्पन्न, हे सारे दोन्ही बाजूंनी साक्षीदारांसमोर सांगा. दुसऱ्या विवाहाविषयी काय ठरले ते लिहा. मतभेद झाल्यास पंच कोण असतील, त्यांची नावे आजच घाला. वधूला तो कागद वाचून दाखवा, तिला काय म्हणावयाचे आहे ते ऐका, आणि त्याची एक प्रत तिच्या स्वतःच्या हाती द्या.